टॉपस्पिन २के२५ : आपला प्लेअर तगडा करायचा तर पॉइंट घालायचे कुठं?

राजारामपुरी_रॅकेट
मंडळी नमस्कार, आमच्या घरातलं एक भांडण मिटवा. घरात पीएस४ एकच, त्यावर माझं आणि धाकट्या भावाचं वेगवेगळं प्रोफाईल, आणि टॉपस्पिन २के२५ या टेनिसच्या गेममध्ये दोघांचे वेगवेगळे मायप्लेअर, म्हणजे स्वतः बनवलेले खेळाडू. लेव्हल ३० ला थांबते म्हणजे पॉइंट मोजकेच मिळणार, सगळं काय फुल्ल होत नाही. फोरहँड, बॅकहँड, सर्व्ह, व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारायचा फटका), पॉवर, स्पीड, स्टॅमिना, रिफ्लेक्स असे आठ खाने आहेत. माझं मत पक्कं आहे की पॉवर आणि फोरहँड आधी टोकाला न्यायचं आणि उरलंसुरलं बाकीच्यात. धाकटा म्हणतोय सगळं सारखं वाढवायचं, म्हणजे समोरच्याला धरायला जागाच सापडत नाही. करिअरमध्ये दोघांचंही बरं चाललंय पण ऑनलाइन वर्ल्ड टूरला गेलं की चांगले खेळणारे भेटतात आणि तिथं गाडी अडकत्या.

तर करिअर आणि ऑनलाइन दोन्हीकडं टिकेल असा प्लेअर कसा बांधायचा ते जरा इस्कटून सांगा. "सराव करा" एवढंच सांगू नका, सराव रोज चाललाय, आई ओरडत्या तोपर्यंत चाललाय.

मंगळवार_पेठ
पॉवर. विषय संपला. जाळ आणि धूर संगटच!

सुजाता_पी
विषय संपत नाही दादा, तिथून सुरू होतो :)

मी टॉपस्पिन ४ पासूनची. २०११ चा गेम, अजून कपाटात सीडी आहे आणि अजून लागते. त्यात हे आठ खाने वेगवेगळे भरायची सोयच नव्हती. प्रत्येक लेव्हलला तीनच वाटा, सर्व्ह अँड व्हॉली (सर्व्ह करून नेटवर धावायचं), आक्रमक बेसलाईन (मागच्या रेषेवरून हाणायचं), बचावाची बेसलाईन. एक वाट निवडली की त्या खेळाला लागणारे आकडे गेमच वाढवायचा, आणि लेव्हल २० ला संपलं. जे तिन्ही वाटांवर थोडं थोडं चालायचे त्यांचा प्लेअर शेवटी कशातच भारी व्हायचा नाही, दिसायला गुळगुळीत आकडे पण पॉइंट जिंकायचं हत्यार एकही नाही. नवीन गेमने मोकळीक दिली म्हणून तो नियम बदललेला नाही. त्यामुळं धाकट्या भावाशी मी सहमत नाही. पण तुमच्याशीपण पूर्ण नाही, कारण तुम्ही दोघंही आकड्यापासून सुरुवात करताय. आधी हे सांगा, तुमचा प्लेअर पॉइंट जिंकतो कसा? सर्व्हवर, लांब रॅलीत (बॉल परत परत देत), का नेटवर येऊन? आणि हरतो तेव्हा कुठं हरतो? हे ठरलं की निम्मे पॉइंट कुठं जाणार ते आपोआप ठरतं.

राजारामपुरी_रॅकेट
@सुजाता_पी फोरहँड कोपऱ्यात बसला की जिंकतो. हरतो तेव्हा बहुतेक वेळा पळता पळता, समोरचा इकडून तिकडं नाचवतो आणि शेवटचा बॉल कसातरी उचलून दिला की तो येऊन मारतो.

मंगळवार_पेठ
मग त्याला नाचवायला वेळच द्यायचा नाही ना लगा, पहिल्या बॉललाच हाणायचं.

कोर्टबाहेरचा_काका
मी गेम फार खेळत नाही, मुलाबरोबर बसतो तेवढाच, पण खऱ्या कोर्टवर पोरांना शिकवण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो. राजारामपुरीकरांनी स्वतःच उत्तर दिलं आहे, "पळता पळता हरतो".

या गेममध्ये बटण टिचकीसारखं दाबलं की कंट्रोल शॉट आणि दाबून धरून बरोबर वेळेला सोडलं की पॉवर शॉट, बरोबर ना? आता बघा, दाबून धरायला प्लेअर बॉलजवळ आधी पोचलेला पाहिजे. उशिरा पोचला की हातात उरते ती फक्त टिचकी. म्हणजे पॉवरचा खाना कितीही भरा, पाय वेळेवर पोचत नसतील तर ते पॉइंट नुसते पडून राहणार. स्पीड हा बचाव करणाऱ्याचा खाना आहे असं पोरं समजतात. माझ्या मते जोरात मारणाऱ्याला स्पीड जास्त लागतो, कारण त्याला नुसतं पोचून भागत नाही, पोचून उभं राहून मारायचं असतं.

आणि पॉवर शॉटला टायमिंगची जागा अरुंद असते, जरा इकडं तिकडं झालं की बॉल बाहेर. तेव्हा प्रत्येक बॉलला हाणणं गेममध्येही चालत नाही आणि कोर्टवरही नाही. चार टिचक्या मारून समोरच्याला कोपऱ्यात ढकलायचं, बॉल आखूड आला की मग दाबून धरायचं.

तालमीचा_वारस
काका एकदम बरोबर बोललासा. आमचे वस्ताद हेच सांगायचे, नुसता दंडाचा पैलवान खासबागेच्या मातीत पहिली पाच मिनिटं दिसतोय, पुढची कुस्ती पायाची आणि दमाची. मंगळवार पेठेला हे कळायला पाहिजे, तालमी काय कमी हायत काय तिकडं!

मंगळवार_पेठ
तालमी आहेत म्हणूनच सांगतोय, ताकद पाहिजेच! पण काकांचा दाबून धरायचा मुद्दा पटला. माझा प्लेअर पण पळताना नुसती टिचकीच मारतोय, मी समजत होतो गेमच असा आहे. आज रात्री बघतो.

आक्काचा_नातू
मग स्टॅमिनाचं काय? माझ्या प्लेअरची एनर्जी तिसऱ्या सेटला तळाला जाते आणि त्यानंतर सोपे बॉल पण बाहेर जायला लागतात.

सुजाता_पी
@आक्काचा_नातू एनर्जी दोन गोष्टींनी पटापट उतरते, सारखे पॉवर शॉट आणि सारखं पळणं. म्हणून पॉवरवाला प्लेअर बांधणाऱ्याने स्टॅमिना रिकामा ठेवला तर तो स्वतःच्याच फटक्यांनी दमतो. छोट्या मॅचमध्ये हे जाणवत नाही, दोन गेमचा सेट असला की निभावून जातं. मॅच मोठी ठेवली की उघडं पडतं. तुम्ही ऑनलाइन छोट्याच मॅच खेळत असाल तर स्टॅमिनाला कमी द्या आणि ते पॉइंट स्पीडला घाला, आणि करिअरमध्ये मोठ्या मॅच लावत असाल तर स्टॅमिनाला हात आखडू नका. करिअरमध्ये एक अजून आहे, महिन्यामागून महिना विश्रांती न देता स्पर्धा खेळवत राहिलं तर प्लेअर थकतो आणि जखमी होतो, तिथं कुठलाच आकडा कामाला येत नाही.

बारक्या_पीसीवाला
तुम्ही सगळे आकड्यांत अडकलाय. टेनिस एल्बो ४ खेळा पीसीवर, चित्रं साधी आहेत पण बॉल कसा उडतो, कुठल्या कोर्टवर किती उसळतो ते बघा. तिथं शिकलं की कुठल्याही गेममध्ये कसलाही प्लेअर चालतो.

राजारामपुरी_रॅकेट
बारक्या भावा पीसी घ्यायला तू पैसे देणार असशील तर आजच सुरू करतो :D

डावखुरी_अनघा
कुणीच हे लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. पॉइंट घालायच्या आधी एक फुकटची गोष्ट निवडायची असते, प्लेअर उजवा की डावरा. डावरा करा!

कारण सांगते. ४०-३० किंवा अॅडव्हान्टेज असताना सर्व्ह डाव्या बाजूच्या कोर्टवरून होते, म्हणजे गेम संपवायचे बरेच मोठे पॉइंट त्या बाजूला खेळले जातात. डावऱ्याची स्लाईस सर्व्ह तिथून बाहेर वळत जाते आणि उजव्या हाताच्या माणसाला थेट बॅकहँडवर, कोर्टच्या बाहेर ओढते. मग आख्खं कोर्ट मोकळं. शिवाय आपला क्रॉसकोर्ट (तिरका) फोरहँड समोरच्याच्या बॅकहँडवर उंच उसळून जातो. नदाल बाकीची कामं उजव्या हाताने करतो आणि टेनिस डाव्याने खेळला, आणि रोलाँ गॅरोला, म्हणजे क्लेवरच्या (मातीच्या कोर्टवरच्या) फ्रेंच ओपनला, १४ वेळा जिंकला. फेडररच्या एकहाती बॅकहँडला त्या उंच उसळणाऱ्या बॉलने किती छळलं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. गेममध्ये ऑनलाइन बहुतेक लोक उजवेच भेटतात आणि त्यांना डावऱ्याची सवय नसते. एकही पॉइंट खर्च न करता मिळणारा फायदा आहे हा.

नागाळापार्ककर
फेडररचं नाव आलं की आमच्यासारख्यांना अजून कसंतरी होतं. पण मुद्दा मान्य.

माझी एक भर, सर्व्ह आणि फोरहँडच्या अॅनिमेशनचे जे प्रकार असतात ते पोरं दिसायला भारी म्हणून निवडतात. तसं करू नका. सर्व्हचा टॉस उंच जाणारा असला की बटण सोडायची लय वेगळी, झटपट सर्व्ह असली की वेगळी. ट्रेनिंगमध्ये दोन-चार प्रकार मारून बघा, ज्याची लय तुमच्या बोटाला बसते तो ठेवा आणि परत बदलू नका. सर्व्हच्या खान्यात घातलेले पॉइंट टायमिंग चुकलं की वायाच.

मंगळवार_पेठ
सर्व्हच फुल्ल केली तर? एस वर एस. समोरच्याने हातच लावायचा नाही.

कोर्टबाहेरचा_काका
@मंगळवार_पेठ कार्लोविच २११ सेंटिमीटर उंच होता, आयुष्यात तेरा हजारांवर एस मारले, पण ग्रँड स्लॅममध्ये क्वार्टर फायनलच्या पुढं कधी गेला नाही. इस्नर आणि माहू २०१० ला विम्बल्डनवर ११ तास ५ मिनिटं खेळले, पाचवा सेट ७०-६८, दोघांचे मिळून दोनशेच्या वर एस. दोघांनाही एकमेकांची सर्व्हिस मोडता येईना, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हवरचा गेम घेता येईना, म्हणूनच ती मॅच इतकी लांबली. सर्व्ह तुम्हाला हरू देत नाही, जिंकायला परतीचा फटका लागतो. तिथं रिफ्लेक्स येतो. ताशी २०० किलोमीटरची सर्व्ह अर्ध्या सेकंदाच्या आसपास तुमच्यापर्यंत येते, त्यात काय करणार ते ठरवायला वेळच नसतो. ऑनलाइन सगळे सर्व्ह तगडी करूनच येतात असं मुलगा सांगतो, मग तुम्ही रिफ्लेक्स रिकामा ठेवला तर टायब्रेकशिवाय (सेट बरोबरीत अडकल्यावरच्या निकाली गेमशिवाय) दुसरी वाटच नाही.

आणि याच्या उलट मायकेल चँग. १९८९, रोलाँ गॅरो, वय १७, अंगाने बारका, समोर लेंडल. पायात गोळे आलेले, उभं राहता येईना, तरी पोरगं परत परत बॉल देत राहिलं, मध्येच खालून हाताने सर्व्ह केली, आणि मॅच जिंकून पुढं स्पर्धाही जिंकलं. तो आजच्या गेममध्ये बनवायचा झाला तर स्पीड, स्टॅमिना, रिफ्लेक्स आणि दोन्ही बाजूचे फटके, पॉवर जवळजवळ काही नाही.

तालमीचा_वारस
काटा किर्र!! हे चँगचं माहितीच नव्हतं. बघतो व्हिडिओ.

आक्काचा_नातू
विषयांतर करतो, माफी असावी. टेनिस म्हटलं की आपल्याकडं कोण बोलतच नाही, शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते पण टेनिस कोर्टकडं बघायला माणूस नाही. आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ ला विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली, किती जणांना माहीत आहे?

डावखुरी_अनघा
मला आहे! त्या वर्षी पहिल्यांदाच विम्बल्डनने ती स्पर्धा घेतली होती. माझी भाची तेव्हापासून रॅकेट सोडेना. घरच्या भिंतीचा रंग गेला पण कुणी काही बोलत नाही तिला.

सुजाता_पी
भाचीला सांगा भिंत सगळ्यात चांगली पार्टनर, कधी बॉल सोडत नाही. शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचं मैदान बांधून दिलं आणि आपण अजून त्यावर जगतोय, टेनिसची कोर्टं पण आता पोरांना सहज मिळाली पाहिजेत हे मनापासून वाटतं. बरं, धाग्यावर येऊ.

धाकटा_राजारामपुरी
नमस्कार, मीच तो धाकटा. दादानं माझं म्हणणं अर्धंच लिहिलंय. मी सगळं सारखं म्हणतो कारण समोरचा कसा येईल ते आधी कळत नाही. नेटवर येणारा आला तर? क्लेवर मॅच लागली तर? एकच हत्यार असलं आणि ते चाललं नाही तर हात बांधून उभं राहायचं काय?

कोर्टबाहेरचा_काका
शाब्बास, प्रश्न चांगला आहे. सँप्रसकडं १४ ग्रँड स्लॅम, त्यातली विम्बल्डन ७, पण रोलाँ गॅरो एकदाही नाही. क्लेवर बॉल हळू होतो आणि उंच उसळतो, त्याच्या सर्व्हची आणि व्हॉलीची धार तिथं कमी व्हायची. आगासीने चारही जिंकली, १९९९ ला रोलाँ गॅरो. म्हणजे तुझं म्हणणं खोटं नाही. पण आगासी सगळ्यात सारखा होता असं मात्र समजू नकोस. समोरच्याच्या सर्व्हवरचा त्याचा परतीचा फटका जगात एक नंबर होता आणि तो बॉल उसळता उसळता घ्यायचा. हत्यार एक पक्कं, आणि ते सगळ्या कोर्टांवर चालणारं. नेटवर येणाऱ्याला उत्तर द्यायला आपल्याला व्हॉली लागत नाही, त्याच्या पायाशी बुडणारा टॉपस्पिन (पुढं फिरणारा बॉल) आणि डोक्यावरून लॉब लागतो, ते फोरहँड बॅकहँडमधूनच येतं.

सुजाता_पी
धाकट्या, एक सोपा उपाय. पॉइंट घालायच्या आधी एक्झिबिशनमध्ये (सुट्या मॅचमध्ये) सँप्रस घेऊन खेळ, मग आगासी, मग स्टेफी ग्राफ. तयार प्लेअर आहेत, आकडे बघायला मिळतात, फुकटात कळतं की आपल्या बोटांना कुणाचा खेळ बसतोय. ग्राफ घेऊन जिंकायला लागलास तर समज फोरहँड आणि पाय हे तुझं. मी स्वतः टॉपस्पिन ४ ला असंच ठरवलं होतं आणि नंतर कधी बदललं नाही. गेममधली ती जुना खेळाडू मॅकेन्रोच्या आवाजातली ट्रेनिंग अकॅडमी पण सोडू नका, लोक कंटाळून सोडतात, पण खेळायच्या पद्धती तिथं नीट समजावल्यात.

बारक्या_पीसीवाला
हे मात्र खरं, आधी तयार प्लेअर वापरून बघा. आणि क्रॉसकोर्ट मारा राव, सगळे डाऊन द लाईनच्या (कडेच्या रेषेला धरून सरळ मारायच्या) मागं. नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर आणि खांबाजवळ १०७. तिरकं मारलं की बुटक्या नेटवरून जातं आणि कोर्टपण लांब मिळतं. चूक व्हायला जागा जास्त.

मंगळवार_पेठ
रात्री खेळून आलो. पॉवर तशीच ठेवली, नवीन मिळालेले सगळे पॉइंट स्पीडला घातले. भावांनो फरक आहे! बॉल कोपऱ्यात गेला तरी पोचून दाबून धरायला मिळतंय. काकांना माझ्याकडून तांबडा-पांढरा.

कोर्टबाहेरचा_काका
शाकाहारी आहे रे बाबा. मिसळ चालेल, कट जास्त.

राजारामपुरी_रॅकेट
धागा काढल्यापासून दोघांनी नवीन प्लेअर सुरू केलेत, आता सांगतो काय केलं ते.

माझा उजवाच ठेवला. फोरहँड पहिला, त्याच्या बरोबरीने स्पीड, मग सर्व्ह, आणि पॉवर मध्यावर आणून थांबवली. उजव्या कोर्टवरून स्लाईस सर्व्ह बाहेर काढायची आणि येणारा बॉल फोरहँडने मोकळ्या बाजूला, एवढा एकच डाव घोटून घेतला. आधीच्या प्लेअरपेक्षा पॉवर कमी असून विनर (समोरच्याला न सापडणारे फटके) जास्त लागतायत, हे मला अजून आश्चर्य वाटतंय. ग्रासवर आणि हार्डवर मस्त चाललाय, क्लेवर मात्र रॅली लांबली की स्टॅमिना कमी पडतोय.

धाकट्याने अनघाताईंचं ऐकून डावरा केला. त्याचं त्यालाच सांगू दे.

धाकटा_राजारामपुरी
स्पीड, रिफ्लेक्स आणि स्टॅमिना आधी, मग फोरहँड. सगळं सारखं सोडून दिलं, आगासीनं पटवलं मला. क्लेवर मी दादाच्या पुढं आहे, लोक कंटाळून चुका करतायत. एक गेम तर इतका चालला की आईनं विचारलं अजून तोच पोरगा खेळतोय काय. ग्रासवर अजून जड जातंय, तिथं रॅली सुरू व्हायच्या आतच पॉइंट संपतोय.

एक प्रश्न राहिला, आता जे पॉइंट मिळतील ते व्हॉलीत घालू की बॅकहँडमध्ये? दादा म्हणतोय व्हॉली.

डावखुरी_अनघा
बॅकहँड. डावऱ्याचा फोरहँड कळला की समोरचा तिकडं बॉलच देत नाही, सगळं बॅकहँडवर येणार. माझ्या प्लेअरचं तेच झालं.

कोर्टबाहेरचा_काका
बॅकहँडच. व्हॉलीला थोडं दे, आखूड बॉलवर पुढं आल्यावर सोपा फटका मारता आला पाहिजे एवढंच. ग्राससाठी मात्र त्याच्यानंतर सर्व्ह वाढव, कारण तिथं तुझ्या स्वतःच्या सर्व्हिस गेममध्ये दोन-तीन पॉइंट स्वस्तात मिळाले पाहिजेत, प्रत्येक पॉइंट पळून जिंकायचा म्हटलं तर तुझा स्टॅमिनाही पुरायचा नाही.

धाकटा_राजारामपुरी
दादा वाच हे!! बॅकहँड, मग सर्व्ह. ठरलं.

मंगळवार_पेठ
रविवारी रात्री ऑनलाइन या दोघंपण. आधी डावऱ्याला बघतो, मग दादाला. कोर्ट तुम्ही निवडा, क्ले असलं तरी चालतंय.

राजारामपुरी_रॅकेट
चालतंय. नऊनंतर, आईची सिरियल संपली की टीव्ही आमचा.